सुईताईंचा दुसरा ठिपका

प्राण्यांच्या दवाखान्यात आतल्या बाजूला एक चिंचोळी खोली आहे. तिथे एक फ्रिज, दोन स्टुलं, टेबलावर नळ्यांचा स्टँड आणि सुईताई. सव्वीस वर्षं त्या कुत्र्यामांजरांचं रक्त काढताहेत. गप्पा मारता मारता पुढच्या पायाची शीर कधी सापडते आणि सुई कधी बाहेर येते, हे माझ्या कुत्रीच्या तीन भेटींत मला एकदाही पकडता आलं नाही. माझं आयुष्य रंगभूमीवर गेलं, टाळ्या घेणारे हात पुष्कळ पाहिले. इतके हलके हात थोडेच.

त्या सकाळी माझ्या आधी एक निवृत्त पोस्टमन आणि त्यांचा मुलगा बसले होते. दोघांच्या मध्ये त्यांचा ‘साहेब’, करड्या मिशांचा कुत्रा. आठवडाभर लंगडत होता, म्हणून डॉक्टरांनी लाइम रोगाची तपासणी सांगितली होती. लाइम म्हणजे लिंबू असं धरून पोस्टमननी घरातली लिंबं शेजाऱ्यांना वाटून टाकली होती. सुईताईंनी हसू दाबत सांगितलं, की ते कुठल्याशा गावाचं नाव आहे, रोग पसरवते ती गोचीड. लिंबाला निर्दोष सोडा.

मुलगा हसला नाही. त्याची लेक नुकतीच रांगायला लागली होती. रोग निघाला तर साहेबाला गावाबाहेरच्या ओळखीच्यांकडे सोडून यायचं, हे तो घरूनच ठरवून आला होता. पोस्टमन साहेबाचा पट्टा हाताभोवती गुंडाळत होते, पुन्हा सोडवत होते.

रक्ताचे थेंब किटमध्ये पडले. थोड्या वेळाने पहिला निळा ठिपका उमटला, म्हणजे तपासणी नीट झाली. मग शेजारी दुसरा, जरा फिकट. तो लाइमचा.

“पॉझिटिव्ह,” मुलगा म्हणाला. “झालं तर मग, बाबा.”

“काय झालं?” सुईताईंनी हातमोजे काढले. “हा ठिपका जंतूचा नाही, अँटिबॉडीचा आहे. जंतू कधीतरी आला होता आणि शरीर त्याच्याशी लढायला उठलं, एवढंच तो सांगतो. चोर घरात शिरला होता अशी चौकीत नोंद आहे, म्हणून तो आज तुमच्या पलंगाखाली बसलाय असं होतं का?”

“आणि बसलेला असला तर?”

त्यांना हा प्रश्न आवडला असावा. स्टूल पुढे ओढून त्यांनी सावकाश सांगितलं: लंगडणं आहे, तेव्हा डॉक्टर महिनाभर गोळ्या देतील, मूत्रपिंडांसाठी लघवी तपासतील. बहुतेक कुत्री बरी होतात. बाळाला कुत्र्यापासून हा रोग लागत नाही. गोचीड चावावी लागते.

“ती याच्याच अंगावरून येणार ना?”

सुईताईंची नजर खाली गेली. मुलगा सकाळी साहेबाला गवतातून फिरवून तसाच आला होता. त्यांनी चिमटा उचलला, त्याच्या मोज्यावरून तिळाएवढं काहीतरी उचललं आणि बाटलीत टाकलं. तीळ चालू लागला.

“ही तुमच्यासोबत आली. आता तुम्हालाही सोडून यायचं का गावाबाहेर?”

पोस्टमननी खोकल्याचं सोंग घेतलं. सोंग मला कळतं. ते हसत होते. मुलाने पँट वर करून दोन्ही पोटऱ्या तपासल्या आणि मग हळूच विचारलं, त्याचीही तपासणी आत्ताच होईल का?

“चावलेली नाही ती. आणि चावली असती तरी आज काही दिसलं नसतं, अँटिबॉडी तयार व्हायला काही आठवडे जातात. शिवाय मी फक्त चार पायांच्यांचं रक्त काढते.”

लघवी स्वच्छ निघाली. डॉक्टरांनी गोळ्या आणि गोचिडीचं औषध दिलं. सुईताईंनी आपली एक अट घातली: फिरून आल्यावर दारातच झडती, दोघांचीही.

परवा मी त्यांच्या गल्लीतून जात होतो. पायरीवर पोस्टमन चष्मा लावून बसले होते. मुलगा एका पायावर उभा राहून मोजा उलटा करून दाखवत होता, आणि मागे साहेब आपल्या पाळीची वाट पाहत होता.