टीव्हीतले एसपी आणि आमच्या दारातले

त्या वर्षी मी सप्तशृंगीला बोलले होते, "हे बंदोबस्तावरून धडधाकट येऊ देत, गड पायी चढेन." आमचे हे पोलीस इन्स्पेक्टर. येवल्याकडच्या एका गावात तणाव होता, तिकडे गेलेले. तेव्हा मोबाइल नव्हते. नवरे बाहेर, आणि आम्ही बायका नाशिकच्या पोलीस लाइनीत, एकमेकींना धीर देत टीव्हीसमोर. काळजी करत बसलेल्या बायकांपाशी किस्से आपोआप साठत जातात बघा.

मालिका नेमकी पोलिसांचीच लागायची. एकदा त्यातला एसपी एकटाच पिस्तूल घेऊन गोदामात शिरला. आवारेमावशींचे यजमान एसपी साहेबांचे ड्रायव्हर. मावशी म्हणाल्या, "याला ड्रायवर नाय, ऑर्डर्ली नाय? आमचे साहेब चष्मा घरी विसरले तरी जीप पळती."

दुसऱ्या एका भागात डीआयजींनी भिंतीवरून उडी मारून चोर धरला. शेजारच्या शेखभाभी शांतपणे म्हणाल्या, "इतना सपाट पेट? ये तो नया भरती लगता है."

हसायचो आम्ही, पण फोन वाजला की आधी टीव्हीचा आवाज बंद करायचो. रोज संध्याकाळी कंट्रोल रूममधला हवालदार कळवायचा, "वहिनी, साहेब ठीक." तेवढं ऐकून मी जेवायला बसायचे.

मुंबईहून एक मालिकालेखक खरे एसपी बघायला आला होता म्हणे. हा किस्सा मावशींनीच आणला. साहेब दिवसभर रजेचे अर्ज आणि बंदोबस्ताचे नकाशे बघत बसलेले. कंटाळून लेखकाने विचारलं, टेबलावर मूठ कधी आपटता? साहेब म्हणाले, "काच फुटली तर नवी मंजूर व्हायला वर्ष जातं."

मग एका संध्याकाळी फोन आलाच नाही. मीच लावला. हवालदार म्हणाला, "वहिनी, जरा थांबा, कळवतो." आणि ठेवून दिला.

थोड्याच वेळात दिव्याची गाडी दारात थांबली. एसपी साहेब स्वतः उतरले, टोपी हातात. मालिकेत मोठा साहेब असा टोपी काढून कुणाच्या घरी येतो, तो एकाच बातमीसाठी. मावशींनी टीव्ही बंद केला. शेखभाभींनी माझं मनगट धरलं.

"वहिनी, आत येऊ?"

"नको," मी म्हटलं. "बाहेरच सांगा."

ते पायरीवरच थांबले. म्हणाले, यांना दगड लागलाय, डोक्याला टाके पडलेत, पण शुद्धीवर आहेत, दवाखान्यात चहा मागताहेत. भाभींनी मला तिथेच उंबऱ्यावर बसवलं, पण मनगट सोडलं नाही.

साहेब गोंधळून बघत राहिले. "शिपाई पाठवला असता तर तुम्ही उगाच घाबरला असता," ते म्हणाले. "म्हणून मुद्दाम मीच आलो."

तुमच्या शेजारणीच्या दारात कधी अशी गाडी थांबली, तर भाभींसारखं करा. काही विचारू नका, नुसतं मनगट धरा.