सुरगाण्याच्या जीपमधले बुटके

आमच्यातला सगळ्यात उंच माणूस बुटक्यांचा कैवारी होता आणि सगळ्यात बुटका माणूस एल्फांचा. हा दुसरा म्हणजे मी. एल्फ हे शेलाटे, देखणे, हजारभर वर्षं जगणारे आणि तेवढा सगळा काळ नाक वर करून वावरणारे लोक. बसमधली वरची कडी धरायला मला आजही टाचा उचलाव्या लागतात. निदान रविवारी दुपारी तरी आपण ताडमाड असावं, एवढीच माझी अपेक्षा होती.

नव्वदचं दशक उताराला लागलं होतं. पंचवटीतल्या एका रद्दीवाल्याकडे मला एक जाडजूड इंग्रजी पुस्तक सापडलं. टेबलावर चिमुकल्या फौजा मांडायच्या, पट्टीनं अंतर मोजून त्या पुढं सरकवायच्या आणि कोण मेलं ते फासे टाकून ठरवायचं, असा तो खेळ. लढणारी मात्र माणसं नव्हेत. डोंगराच्या पोटात राहणारे दाढीवाले बुटके, रानातले एल्फ, दांडगट ऑर्क, असल्या जमाती. पुस्तकातली नियमांची पानं बहुतेक गळून गेली होती. जमातींचे इतिहास, स्वभाव, रुसवेफुगवे तेवढे शाबूत होते. त्यामुळे आमच्याकडे लढाई नावापुरती आणि चर्चा पोटभर, असं आपोआपच होऊन बसलं.

फौजा घरगुती. माझे एल्फ म्हणजे शाई संपलेल्या रिफिली, पायाला मेण लावून उभ्या केलेल्या. ऑर्क म्हणजे हिरवे रंगवलेले चिंचोके. बुटके मात्र खानदानी होते: मोडक्या बुद्धिबळांतली प्यादी, आणि प्रत्येकाला सुतळी पिंजून चिकटवलेली दाढी. त्यांचा कैवारी, माझा शाळेपासूनचा मित्र, आमच्या माडीच्या दारातून वाकून आत यायचा, मांडी घालून बसायचा आणि जुन्या टूथब्रशनं त्या दाढ्या विंचरायचा. लढायला नेतोयस की लग्नाला, असं विचारलं की शांतपणे म्हणायचा, "बुटका दाढी विंचरल्याशिवाय कुठंच जात नाही. मरायलासुद्धा."

हे पुस्तकात नव्हतं. पण आमचा एक कायदा होता. पुस्तक बोलेल तिथं पुस्तक खरं. पुस्तक गप्प बसलं की त्या जमातीच्या कैवाऱ्यानं बोलायचं, आणि तो म्हणेल ते खरं. पुस्तक फाटकं असल्यामुळे ते बराच वेळ गप्पच असे. बुटके रागावले की गातात की गप्प होतात, एल्फांना सर्दी होते का, असल्या प्रश्नांवर आमचे रविवार जात. आई पोहे घेऊन यायची आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून ऐकायची.

"तुझे ते एल्फ म्हणजे अगदी माझ्या धाकट्या जावेचं माहेर," ती एकदा म्हणाली. "येतात सुंदर, बसतात सुंदर, आणि कप काही उचलत नाहीत."

मी कैवारी म्हणून निषेध नोंदवला आणि कप उचलून खाली नेऊन ठेवले.

दुसरा एक कायदा मी गमतीत केला होता. लागोपाठ तीन रविवार जो येणार नाही, त्याची जमात बेवारस. मागेल त्याला मिळेल. ऑर्कांचा कैवारी त्या दिवसांत दर रविवारी गंगापूर धरणावर कुणाबरोबर तरी वारा खायला जात असे, त्याला धाक बसावा म्हणून ही तजवीज. त्याला धाक बसला नाही. त्यानं लग्न केलं.

मग माझ्या मित्राला शिक्षकाची नोकरी लागली. सुरगाण्याच्या अलीकडं, डोंगरातल्या एका पाड्यावर दोन खोल्यांची शाळा. तिथं फोन नव्हता, पत्र रमतगमत पोचे. जाताना त्यानं बुटक्यांचा डबा माझ्या हातात दिला. "तिकडं कोणाशी लढवू? इथंच राहू देत," म्हणाला. "अधूनमधून ऊन दाखव. सुतळीला कसर लागते." त्यानं स्वतःची गादी बांधली तीसुद्धा एवढ्या काळजीनं बांधली नव्हती.

निरोपांचं काम जीपवाल्या मामांकडे आलं. आमच्या कोपऱ्यावरून दिंडोरी, वणी, बोरगाव करत त्यांची जीप सुरगाण्याला जायची. पाड्याचा फाटा त्यांच्या वाटेवर होता आणि घरही त्याच पाड्यावर; मुक्कामाला मात्र ते शनिवार-रविवारीच जात. चाळिशीचा माणूस, खिशाला कंगवा. पहिल्या निरोपाला त्यांनी मला दोनदा म्हणायला लावलं.

"गुरुजींना विचारायचं, बुटक्यांच्या बायकांना दाढी असते का. बरोबर?"

"बरोबर."

"कुठले बुटके, भाऊ?"

आता आली का पंचाईत. जीप भरायला अजून चार माणसं हवी होती, म्हणून मी बॉनेटला टेकून सगळं सांगितलं. मामा एकदाही हसले नाहीत. पुढच्या आठवड्यात जीपमधून उतरतानाच म्हणाले, "गुरुजी म्हणले, दाढी हाय. पन घरात. भाईर निघताना पदराखाली घेत्यात."

ते हिवाळाभर असंच चाललं. आमचे प्रश्न शनिवारी वर जायचे, उत्तरं सोमवारी खाली यायची, आणि हळूहळू उत्तरांचं वजन वाढू लागलं. एकदा मामा म्हणाले, बुटके नागलीची भाकरी खातात.

"हे गुरुजी म्हणाले?"

"गुरुजी कशाला म्हनतील? डोंगरात दुसरं काय पिकतंय?"

मी रविवारी ते मंडळींसमोर ठेवलं आणि एकमतानं मंजूर झालं.

याच सुमारास आमच्यात एक नवा गडी आला. बँकेत नोकरी, इस्त्रीचा शर्ट, चुलतभाऊ परदेशात. त्याच्याकडे खरे बुटके होते. धातूचे, रंगवलेले, नखाएवढ्या कुऱ्हाडी घेतलेले. एकाच्या तर पट्ट्याला किल्ल्यांचा जुडगा होता. आमची प्यादी त्यांच्याशेजारी उभी केली तेव्हा गावाकडचे पाहुणे लग्नाच्या हॉलमध्ये आल्यासारखी दिसली. शिवाय त्याच्याकडे नवं कोरं पुस्तक होतं, सगळ्या पानांचं.

माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त बुटके आवडत, आमच्या मित्राइतकेच. तो सरळ म्हणाला, "तीन रविवार कधीच होऊन गेलेत. कायदा तुमचाच आहे. बुटके मला द्या."

"त्याचे निरोप येतात की," मी म्हणालो.

"निरोप म्हणजे हजेरी नव्हे. बँकेत मी निरोप पाठवून पगार घेऊ का?"

पुढच्या रविवारी निकाल लावायचा असं ठरलं. मी मामांना सांगितलं, गुरुजींना म्हणावं, येत्या रविवारी स्वतः या, नाहीतर बुटके जातात.

रविवारी गुरुजी आले नाहीत. मामा आले. धुतलेला शर्ट, केसांना पाणी लावून पाडलेला भांग. त्यांनी चपला जिन्याखाली काढल्या, माडीवर आले, सगळ्यांना नमस्कार केला आणि भिंतीशी बसले.

"गुरुजींच्या वतीनं मी," ते म्हणाले. "काय विचारायचं ते विचारा."

बँकवाल्यानं पुस्तक उघडलं. त्याच्या चेहऱ्यावर तोंडी परीक्षा घेणाऱ्या मास्तरांचा आनंद होता. "बुटके आणि एल्फ यांचं भांडण कशावरून झालं?"

"साहेब, पुस्तकात काय असंल ते तुम्ही वाचा. मी आपला ऐकलेलं सांगतो. एल्फ पाव्हने म्हनून आले, जेवले, राहिले. आन् जाताना 'येतो' म्हनले नाय. 'जातो' म्हनले."

"पुस्तकात मुकुटावरून भांडण आहे."

"मुकुट असंल. पन मुकुटावरून येवढी वर्सं कोन भांडतं?"

जिन्यावरून आई म्हणाली, "हे मात्र खरं आहे."

मी एल्फांचा कैवारी म्हणून पाहुणचाराच्या बाबतीत खुलासा करणार होतो, पण माझं कोणी ऐकेना. बँकवाला पानं उलटत प्रश्न टाकत होता आणि मामा उत्तरं देत होते. जवळजवळ सगळी चूक. बुटक्यांचा राजा कसा निवडतात? ज्याच्या घरी पावसाळ्यात गळत नाय तो. पुस्तकाप्रमाणं वंशपरंपरा. बुटके घोड्यावर का बसत नाहीत? घाटात घोडा काय कामाचा, जीप लागती. यावर बँकवालासुद्धा हसला. पण मग त्यानं पुस्तक मिटलं आणि जरा मऊ आवाजात म्हणाला, "मामा, तुम्ही छान बोलता. पण हे खरे बुटके नाहीत."

मग आईनं विचारलं, "अहो, तुम्ही रविवारचं गिऱ्हाईक सोडून आलात. तुम्हाला एवढं काय पडलंय बुटक्यांचं?"

मामांनी खिशातला कंगवा काढला, नुसता हातात फिरवला.

"मावशी, खरं सांगू का? गुरुजींनी मला बोलायला नाय पाठवलं. निरोप दिला होता. 'बुटके त्यांना देऊन टाका, मला आता जमायचं नाय.' येवढाच."

"मग तुम्ही तो का नाही सांगितलात?" मी विचारलं.

"सांगनारच होतो. पन निरोप दिला आन् मागून म्हनले, मामा, तुमच्या टपावरचा दोर मिळंल का, पुढच्या आठवड्यात गादी बांधायचीय." मामांनी कंगवा खिशात ठेवला. "माझी पोर तिसरीत हाय त्यांच्याकडं. याच्या आधी दोन गुरुजी आले. दिवाळीला घरी गेले ते गेलेच. तिला पाटीवर नाव काढता येत नव्हतं, आता वाचून दाखवती. तिकडं संध्याकाळ झाली की बोलायला मानूस नाय हो त्यांना. शनवारी जीप थांबली की पळत फाट्यावर येत्यात. 'काय म्हणाले?' मी सांगतो. मंग हसत्यात, वाद घालत्यात, मलाच म्हनत्यात, तुम्ही सांगा मामा, असं असंल का? बुटके गेले की मी शनवारी काय नेऊ त्यांना?"

मला त्या माणसाचा, माझ्या मित्राचा, राग आला आणि रडूही आलं. इतके आठवडे तो आम्हाला दाढ्या आणि पदर पाठवत होता. एकटं वाटतंय, हे तेवढं त्यानं पाठवलं नव्हतं.

निकाल मी द्यायचा होता, पण बँकवाला आधी बोलला. त्यानं आपले धातूचे बुटके एकेक करून उचलले आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन मांडले.

"हे पलीकडच्या डोंगरातले," तो म्हणाला. "भाऊबंद. त्यांचा कैवारी मी. तुमच्या डोंगराचा कैवारी तोच राहील. पण माझे तीन प्रश्न आहेत आणि ते सोपे नाहीत."

मग जो गोंधळ झाला तो आमच्या माडीनं कधी पाहिला नव्हता. तीन प्रश्न ठरायला संध्याकाळ झाली. पहिला: दोन डोंगरांतले बुटके वेगळे झाले तेव्हा घरातली ऐरण कोणाकडे गेली? दुसरा आईचा होता: वेगळे झाल्यावर सणाला कोणी कोणाकडे जायचं? तिसरा बँकवाल्यानं खास कठीण काढला: अंधारात जन्मलेला बुटका पहिल्यांदा बाहेर आला, तर त्याला सूर्य आवडेल की भीती वाटेल? मामा डोळे मिटून प्रत्येक प्रश्न पुटपुटत होते.

खाली जीपपाशी मी त्यांना म्हणालो, "त्याच्या निरोपाचं विसरलो म्हणून सांगा."

मामा दुखावले. "आजवर एक निरोप विसरलो नाय मी, भाऊ."

"मग?"

त्यांनी थोडा विचार केला. "दिला म्हनून सांगतो. पन तुम्ही घेतला नाय."

सोमवारी त्यांची जीप आली तेव्हा मी कोपऱ्यावर उभाच होतो. मामा म्हणाले, पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं पाठवलीत. तिसऱ्याला गुरुजींनी वेळ मागितलाय. "दोर?" मी विचारलं. मामांनी नकारार्थी मान हलवली. तो टपावरच होता, कुणाच्या तरी भाताच्या पोत्यांभोवती.

त्याच आठवड्याच्या शनिवारी आम्ही दोघं, मी आणि बँकवाला, मामांच्या जीपमध्ये बसलो. चौदा माणसं आणि एक बकरी. बँकवाल्याच्या इस्त्रीचं वणीपर्यंतच काय ते निभावलं. मांडीवर बुटक्यांचे दोन डबे, एक त्याचा, एक आमचा. घाटात तो मला दबक्या आवाजात विचारत होता, "रागावला असेल का माझ्यावर?" मी म्हणालो, बुटका रागावला की गप्प होतो, असा निर्णय झालेला आहे; बघू.

फाट्यावर तो उभा होता. आणखी बारीक झालेला, त्यामुळे आणखी उंच. आम्ही कोंबाकोंबीतून बाहेर पडलो, पाय झटकले. त्यानं या म्हटलं नाही, कसे आहात म्हटलं नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही. बँकवाल्यासमोर वाकून उभा राहिला आणि म्हणाला, "तुमचा तिसरा प्रश्नच चुकीचा आहे. सूर्य त्याला आधी दिसणारच नाही. आधी त्याला स्वतःची सावली दिसेल."

"म्हणजे तो तिलाच घाबरेल?" बँकवाला म्हणाला.

"का घाबरेल? त्याला वाटेल, कोणीतरी सोबतीला आलंय."

"हे तुमच्या डोंगराचं झालं. आमच्याकडे असं होत नाही."

"कसं होत नाही?"

आणि दोघं वाद घालत पाड्याची चढण चढायला लागले. डबे माझ्याकडेच राहिले. मामांनी जीप चालू केली, पण लगेच काही हलवली नाही.