'रिक्षाचालक हमीद फरार'

सोमवारी सकाळी एका बातमीने माझी चांगलीच जिरवली. तीन दिवस झाले, डोक्यातून जात नाहीये... म्हणून लिहून काढतेय.

मी रत्नागिरीत एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते. उठल्या उठल्या इथल्या बातम्यांचं एक पेज उघडायचं, मथळे वाचायचे, एखादा ग्रुपवर पुढे पाठवायचा, मग आंघोळ... ही वर्षानुवर्षांची सवय.

त्या दिवशी मथळा होता, 'पावस रस्त्यावर वृद्धाला धडक, रिक्षाचालक हमीद फरार'. खाली उलटलेल्या रिकाम्या रिक्षाचा फोटो. बातमी न उघडताच मी ती बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकली. वर पदरचं वाक्य जोडलं... 'या लोकांच्या गाडीत बसताना विचार करा.'

या लोकांच्या! हे मी लिहिलं. आणि मी स्वतःला सरळ मनाची बाई समजते.

ऑफिसात पोचले तर माझी सहकारी मेधा रडवेली. तो वृद्ध म्हणजे तिचे दत्तामामा निघाले. दुपारी तिच्याबरोबर मीही हॉस्पिटलात गेले.

मामांचा पाय प्लॅस्टरमध्ये, पण आवाज खणखणीत. "रिक्षावाला पळाला ना?" मी विचारलं, तर माझ्यावरच उखडले. "पळतोय कसला गो? गुरं आडवी आली म्हणून त्याने रिक्षा वळवली, ती कलंडली माझ्यावर. त्याचं डोकं फुटलेलं, तरी टेंपो थांबवून मला इथे घेऊन आला. तो काय, पलीकडे झोपलाय!"

पलीकडच्या कॉटवर डोक्याला पट्टी बांधलेले हमीदभाई. शेजारी त्यांची मुलगी सानिया. आमच्याच कॉलेजची... तिचा स्कॉलरशिपचा फॉर्म मीच भरून दिला होता.

ती उठून उभी राहिली. "मॅडम, तुमचा मेसेज आला आमच्याकडे," एवढंच म्हणाली. कुणीतरी स्क्रीनशॉट काढून फिरवला होता. वर माझं नाव, माझा फोटो.

मी 'सॉरी' असं काहीतरी पुटपुटले आणि बाहेर आले.

बाहेरच्या बाकावर बसून ते पेज खाली खाली सरकवत जुन्या अपघातांच्या बातम्या बघत गेले. मग पेजवाल्याला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "रिक्षा रिकामी दिसली, टाकली बातमी. दुरुस्ती करतो."

मी म्हटलं, मागे सावर्ड्याला डंपरने दोघांना उडवलं, तेव्हा तुम्ही नुसतं 'चालक ताब्यात' लिहिलंत. त्याचं नाव मथळ्यात का नव्हतं?

"मॅडम, त्या नावावर कोण क्लिक करतंय?"

मी फोन ठेवला. डंपरची बातमी मीही वाचली होती. कुणालाच पाठवली नव्हती.

संध्याकाळी माफी लिहिली, सानियाला पाठवली आणि ग्रुपवर टाकली. दोन अंगठे आले, एक 'जाऊ दे गं, होतं असं' आलं आणि त्याखाली कुणाच्या तरी केळवणाचे फोटो. सकाळचा मेसेज मात्र कुठे कुठे पोचला असेल, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी हमीदभाईंना भेटायला गेले. त्यांनी आधी मला बसायला लावलं. मग म्हणाले, "वहिनी, माफी वाचली. पोरीने दाखवली. पण त्यात नुसतं 'रिक्षाचालक' लिहिलंत तुम्ही. पळाला म्हणताना नाव होतं, तर आणलं म्हणताना पण असू दे की."

माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं.

तर आता नावानिशी लिहिते. स्वतःचं डोकं फुटलेलं असताना दत्तामामांना हॉस्पिटलात पोचवलं ते पावस लाइनवर रिक्षा चालवणाऱ्या हमीदभाईंनी. माझा आधीचा मेसेज ज्यांनी ज्यांनी पुढे पाठवला, त्यांनी हाही पाठवा.

हमीदभाईंनी मला मोकळं केलं, त्यांचे उपकार आहेत. सानिया अजून माझ्याशी बोललेली नाही... आणि तिने लवकर बोलावं, असं म्हणायचा हक्क मला नाही.