चिंधा पाटकऱ्याचा डावा हात

मी साठीनंतर साक्षरता वर्गात अक्षरे शिकलो. चिंधाविषयी लिहिणे मी माझे कर्तव्य समजतो.

पांझरा नदीच्या बंधाऱ्यावरून आमच्या फडाला, म्हणजे एकाच पाटावर भिजणाऱ्या शेतांच्या पट्ट्याला, पाट येतो. फडाचा नियम जुना आहे. बाऱ्याला, म्हणजे पाटातून शेतात पाणी सोडण्याच्या तोंडाला, फक्त पाटकऱ्याने, म्हणजे पाणी वाटणाऱ्या गड्याने, हात लावावा. शेतकऱ्याने कदापि नाही. चिंधा आमचा पाटकरी. त्याला स्वतःची जमीन नव्हती. तीस वर्षांत त्याने कुणाची विडीसुद्धा घेतली नाही. विडी देणारा उद्या पाणी मागतो, असे तो म्हणे.

१९९२ साली पाणी वापर संस्था झाली आणि शेवटच्या शेतांनाही पाण्याचा हक्क मिळाला. त्यापूर्वी पाटाच्या वरच्या अंगाचे शेतकरी पाट फोडत. अशाच एका भांडणात वरच्या शेताच्या मोतीलालने माझ्या भावाचा गुडघा दगडाने ठेचला होता. १९९५ च्या मार्चमध्ये या हक्काचा लाभ मोजण्यास एक सरकारी साहेब आले. त्यांनी माझ्या शेवटच्या वाफ्यात रंगवलेली पट्टी रोवली. दुपारी एकपर्यंत ती भिजली नाही, तर आमची पाण्याची पाळी रद्द होणार होती.

सकाळी नऊला मोतीलालने पाणी आपल्या शेतात वळवायला वरचा बारा फोडला. चिंधा धावला. मी कुऱ्हाड घेऊन त्याच्या मागे.

"चिंध्या, पाणी काय तुना बापनं शे?" मोतीलाल ओरडला.

"मना बापनं नही, तुना बी बापनं नही. शेवटना खेतनं शे."

मोतीलालने फावडे उभे धरून घातले. चिंधाच्या डाव्या मनगटाचे हाड बाहेर आले. दुसरा घाव खांद्यावर बसला. रक्त पाटात उतरले. मी कुऱ्हाड उगारली. मला मोतीलालचे डोके फोडायचे होते, हे मी लपवत नाही.

"फेक ती कुऱ्हाड, पितांबर भाऊ! पाणी चालनं वाया!" चिंधा मला म्हणाला.

मी कुऱ्हाड टाकली व चिखल उचलण्यास वाकलो. चिंधाने मला लाथेने दूर लोटले.

"हात लावू नको! तू हात लावा, तर साहेब लिखी, आठे बठ्ठाच चोर शेतस."

शेतकऱ्याने नियम मोडला तर इथले सगळेच चोर ठरतील, असे त्याचे म्हणणे. मग तो फुटलेल्या बाऱ्यात पाठ लावून स्वतः बसला. मोतीलालने त्याच्या छातीवर, तोंडावर लाथा घातल्या. दोन दात पडले. चिंधा उजव्या हाताने आपल्या भोवती चिखल थापत राहिला. अखेर माणसे जमली व त्यांनी मोतीलालला ओढून नेले.

साडेबाराला पट्टी भिजली. तोवर चिंधा बाऱ्यातून हलला नाही. साहेबांनी नोंद केली आणि बाऱ्याकडे येऊन छापील कागदावरचा पुढचा प्रश्न वाचला, "संस्था झाल्यापासून भांडणे कमी झाली का?"

चिंधाला तेव्हा बैलगाडीत निजवत होते. "पट्टी भिजनी ना, भाऊ?" तो म्हणाला. "मंग तेवढंच लिखा."

धुळ्याच्या दवाखान्यात त्याचा हात कोपरापासून कापला. आमची पाळी टिकली. पुढील वर्षी त्याची बायको सुगंधाबाई त्याच्या जागी पाटकरी म्हणून फावडे घेऊन बाऱ्यावर उभी राहिली. तुरुंगातून परतलेला मोतीलाल हसला, "आते बाईना हातनं पाणी?"

"हात कोनता बी ऱ्हाऊ दे," ती म्हणाली, "तुना नको."

आणि तिने बारा उघडला.