दुपारचं फुकट गाणं आणि माझ्या जाऊबाई

माझ्या थोरल्या जाऊबाईंइतकं गाणं ऐकण्याचं वेड असलेलं माणूस चिंचवडपासून तळेगावापर्यंत दुसरं नव्हतं, आणि गाण्यातलं त्यांच्याइतकं कमी कळणारंही दुसरं नव्हतं. हे मी त्यांच्या तोंडावर कितीदा तरी म्हटलं आहे. त्यावर त्या पदर तोंडाला लावून हसायच्या आणि म्हणायच्या, "कळायचं काय त्यात? जिलबी कशी करत्यात ते ठावं असल्याबिगर खायाची न्हाई व्हय?" हे झालं की पुन्हा पुढच्या गाण्याची चौकशी सुरू.

मी तळेगावच्या एका मास्तरांची मुलगी. लग्न होऊन चिंचवडला शेतकऱ्याच्या घरात आले तेव्हा घरात सोळा माणसं, चार म्हशी आणि या एक जाऊबाई होत्या. पिंपरीला औषधांचा मोठा कारखाना नुकताच सुरू झाला होता, गावातली तरुण मुलं सायकली घेऊन तिकडे चकरा मारायला लागली होती, पण आमच्या घरात अजून ऊस, ज्वारी आणि म्हशी यांपलीकडे विषय नसे. अशा घरात जाऊबाईंना हे वेड लागलं ते निव्वळ उन्हामुळे. थोरल्या दिरांसाठी डोळ्यांचं औषध आणायला त्या पुण्याला गेल्या होत्या. परत येताना ऊन लागलं म्हणून एका मोठ्या मंडपात शिरल्या. शहरातला संगीत महोत्सव चालू होता. संध्याकाळच्या बैठकींना तिकीट, पण दुपारी नवशिक्या गायक-वादकांचे कार्यक्रम असत आणि ते सगळ्यांना फुकट. जाऊबाई सावलीला म्हणून बसल्या त्या शेवटच्या गाण्यापर्यंत उठल्याच नाहीत. औषध तिथंच विसरल्या. घरी आल्या त्या थेट ओसरीवर उभ्या राहून सांगायला लागल्या, "आवं, एक बाप्या बसलाय, त्येला कुणी काय केलं न्हाई, काय न्हाई, तरी दुपारभर आरडतोय! आन् ऐकाय इतकं ग्वाड, की मला रडूच आलं!" थोरले दीर चुरचुरत्या डोळ्यांनी बघत राहिले. त्यांनाही रडू येत होतं, पण ते निराळ्या कारणानं.

त्यानंतर दर वर्षी हिवाळा सरता सरता महोत्सवाचे दिवस आले की आमच्या घरात लगीनघाई सुरू व्हायची. जाऊबाई पहाटेच उठून सगळी कामं उरकायच्या आणि ती उरकताना इतका आवाज करायच्या की सगळं घर उठून बसायचं. म्हशींना त्या आदल्या दिवशीच समजावून सांगत, "उद्या मी न्हाई, धाकटीबी न्हाई. गुमान दूध द्यायचं." खरी अडचण आत्याबाईंची, म्हणजे आमच्या सासूबाईंची होती. गाणं ऐकायला सुनांनी पुण्याला जायचं हे त्यांच्या कल्पनेतच बसत नव्हतं. मग जाऊबाईंनी दुखणी काढायला सुरुवात केली. एके वर्षी दाढ, एके वर्षी कान, एके वर्षी तर पाठीत भरलेली उसण दाखवायला पुण्याच्या डॉक्टरकडेच जायला हवं, असं म्हणत त्या वाकून चालत स्टेशनापर्यंत गेल्या आणि गाडीची शिट्टी ऐकल्याबरोबर पदर खोचून पळत सुटल्या. हे गावातल्या कुणीतरी आत्याबाईंना सांगितलं. पुढच्या वर्षी आत्याबाई म्हणाल्या, "थोरले, तुझ्या अंगात दुखायचं आता काय ऱ्हायलंय? जा बाई, गाणं ऐकाय जा. पर खोटं दुखणं काढू नगंस, एखांदं खरं व्हईल." तेव्हापासून आम्हांला रीतसर परवानगी मिळाली.

मला बरोबर न्यायचं कारण पाट्या वाचणं. कोण गाणार, काय गाणार हे मी वाचून सांगायचं. पण रागाचं नाव सांगितलं की त्या म्हणत, "ऱ्हाऊ दे. नाव घिऊन काय करायचंय? माणूस बघ, कसं घामाघूम झालंय." त्यांची पारख गाण्याची नव्हतीच, ती गाणाऱ्याची होती. एखाद्या मुलाचा आवाज खालच्या पट्टीत गेला की त्या माझ्या कानात सांगत, "उपाशी हाय. आई न्हाई वाटतं जवळ." एखादा फार हातवारे करायला लागला की, "ह्येला म्होरच्या रांगंत कुणीतरी वळखीचं दिसलंय." हरभऱ्याचे घाटे आणि भाजलेल्या शेंगा यांचं गाठोडं त्यांच्या मांडीवर असायचं. एकदा तबला वाजवणाऱ्याची त्यांना इतकी दया आली की त्याचा हात जरा थांबल्याबरोबर त्या उठल्या, मंचाशी गेल्या आणि मूठभर शेंगा त्याच्यापुढे ठेवून म्हणाल्या, "खा रं. ते गातंय तवर खाऊन घे." त्यानं खाल्ल्या. गवयानं रागानं पाहिलं तेव्हा जाऊबाईंनी त्याच्याहीपुढे मूठभर ठेवल्या.

आणि त्यांची दाद! बाकीचे लोक 'वाहवा' म्हणत, माना डोलावत, मांडीवर थाप मारत. जाऊबाईंना एखादी जागा आवडली की त्या कुणी हाक मारल्यासारखं खणखणीत आवाजात म्हणायच्या, "व्हय!" सगळा मंडप मागे वळून बघायचा. मी पदरात तोंड लपवायची. पण गाणाऱ्याचा चेहरा मी पाहिलेला आहे. आपण इतका वेळ काहीतरी सांगत होतो आणि ते कुणालातरी पटलं, असा आनंद त्या नवशिक्यांच्या तोंडावर उमटायचा.

असंच एका वर्षी आम्ही दुपारी मंडपात पोचलो तर आत शुकशुकाट. सतरंज्या अंथरलेल्या, मंच सजवलेला आणि ऐकायला चिटपाखरू नाही. नदीच्या काठावर सिनेमाचं शूटिंग चाललं होतं आणि सगळं पुणं नटीला बघायला तिकडे लोटलं होतं. मंचाच्या बाजूला सोळा-सतरा वर्षांची एक मुलगी हिरवी साडी नेसून तंबोऱ्याशेजारी बसली होती. पहिल्यांदाच गाणार होती. जुळलेली तार ती पुन्हा पुन्हा जुळवत होती. आणि महोत्सवाचे चिटणीस, काळी टोपी आणि उपरणं घातलेले एक उंच गृहस्थ, मंडपवाल्याला सांगत होते, "गुंडाळा सतरंज्या. मी कधीपासून सांगतोय, दुपारचं हे फुकट गाणं ऐकायला कोणी येत नाही. पुढच्या वर्षापासून हे बंद. नुसत्या संध्याकाळच्या बैठकी ठेवू." मुलीनं मान खाली घातली आणि तंबोऱ्याला गवसणी चढवायला घेतली.

जाऊबाईंचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. घरात आग लागल्यासारख्या त्या चिटणिसांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "का बंद?"

"बाई, ऐकायला माणसं नकोत का?"

"आमी दोघी काय म्हशी हाय?"

"दोघींसाठी मंडप चालवता येत नाही."

"मग किती पायजेत?"

चिटणीस वैतागून म्हणाले, "निदान मंडप भरलेला दिसला पाहिजे."

"दिसंल," जाऊबाई म्हणाल्या. मग त्या मुलीकडे वळल्या. "बाय, ते पोतं काढ त्या भोपळ्यावरनं. पाणी पी. म्या आलेच." आणि मला म्हणाल्या, "चल गं धाकटे, पळ."

त्या दुपारी माझ्या जाऊबाईंनी मंडप कसा भरला हे मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर माझा विश्वास बसला नसता. आधी त्या मंडईत घुसल्या. दुपारची गिऱ्हाईकं ओसरली होती, भाजीवाल्या बायका पाट्यांशेजारी पेंगत होत्या. जाऊबाई ओरडल्या, "अगं, हितं मेथीवानी सुकत काय बसलाय? तिकडं गार सावली, मऊ सतरंजी, पैसा न्हाई काय न्हाई!" बायका उठल्या. मग वाटेत एक तालीम लागली. जेवून सुस्तावलेले पैलवान बाहेरच्या कट्ट्यावर बसले होते. त्यांच्यापुढे जाऊबाईंनी एकदम आवाज खाली आणला. "पैलवान, एक पोर एकटी आखाड्यात उतरलीया. बघणारं कुणी न्हाई. तुमी असताना असं व्हावं?" पैलवान काय झालंय हे न विचारताच उभे राहिले. मला वाटलं आता पुरे. पण तेवढ्यात समोरून लग्नाचं वऱ्हाड आलं. मुहूर्ताला वेळ होता, नवरदेव घामानं निथळत होता, म्हातारी माणसं सावली शोधत होती. जाऊबाईंनी दोन्ही हात पसरून रस्ता अडवला. "ह्या बाजूला! ह्या बाजूला चला! बैठक मांडलीया!" वऱ्हाडाला वाटलं मुलीकडचंच माणूस आहे. बाशिंग सावरत नवरदेवासकट सगळे वळले. वाजंत्री सनई वाजवत पुढे आणि आमच्या जाऊबाई त्याच्याही पुढे!

मंडप असा भरला की सतरंजीचा रंग दिसेना. चिटणिसांचं उपरणं खांद्यावरून घसरलं. "हे, हे कोण सगळे?" ते मला विचारायला लागले. मी म्हटलं, "रसिक." दुसरं काय सांगणार?

मुलगी गायला बसली. पण आता तिची भीती दुप्पट झाली होती. पहिला स्वर लागला तो इतका बारीक की समोरच्या भाजीवाल्या पुढे सरकल्या. दुसऱ्यांदा लावला, तो मधेच तुटला. मागून वऱ्हाडातल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "पंगत कवा?" जाऊबाईंनी वळून त्याच्या हातात हरभऱ्याचे घाटे कोंबले. मुलगी घाबरून चिटणिसांकडे बघायला लागली. चिटणिसांनी हात वर करायला घेतला, मला वाटतं थांबवायलाच. मुलीनं डोळे मिटले आणि पुन्हा एकदा स्वर लावला. या वेळी तो टिकला. आणि जाऊबाई पूर्ण ताकदीनं म्हणाल्या, "व्हय!"

पैलवानांना वाटलं, इथली रीतच अशी असणार. ते सगळे एका आवाजात गरजले, "व्हय!" त्यावर भाजीवाल्या म्हणाल्या, "व्हय!" आणि मागाहून अख्खं वऱ्हाड म्हणालं, "व्हय!" मंडपाच्या कनाती हलल्या.

मुलीनं डोळे उघडले. एवढी माणसं, पुढे मांड्या घातलेले पैलवान, मधोमध बाशिंग बांधलेला नवरदेव, हे सगळं तिनं बहुधा पहिल्यांदाच नीट पाहिलं आणि तिला हसू फुटलं. ती मंचावर बसून खुदखुदून हसली. तबलजी हसला. आणि त्या हसण्यात तिचा गळा जो मोकळा झाला! तिनं पुन्हा सुरुवात केली तेव्हा तो आवाज मंडपाच्या बाहेर, रस्त्यावर, टांग्यांच्या घोड्यांपर्यंत गेला असेल. मला रागाचं नाव आठवत नाही. पुढच्या रांगेतला सगळ्यात धिप्पाड पैलवान उपरण्यानं डोळे पुसत होता आणि मुहूर्त जवळ आला म्हणून उठवायला आलेल्या मामाला नवरदेव सांगत होता, "थांबा जरा, एवढं हुंद्या," हे मात्र आठवतं. नटीला बघून परतलेली शहरातली मंडळी दाराशी आली तर त्यांना आत पाय ठेवायला जागा नव्हती. चिटणीस स्वतः एका खांबाला टेकून, एका पायावर उभं राहून ऐकत होते.

गाणं संपल्यावर ते आमच्याकडे आले. "बाई, पुढच्या वर्षीही दुपारचं गाणं होईल. तुम्ही या."

"त्येला आवतान कशाला लागतंय?" जाऊबाई म्हणाल्या.

पाठोपाठ ती मुलगी आली आणि तिनं जाऊबाईंना वाकून नमस्कार केला. जाऊबाईंनी तिच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मुलगी म्हणाली, "तुमचा आवाज किती छान आहे! तुम्ही गाता का?"

जाऊबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "म्या? अगं, म्या म्हशींवर वरडती!"

संध्याकाळच्या पॅसेंजरमध्ये आम्हांला खिडकीजवळ जागा मिळाली. एरवी परतीच्या वाटेवर त्या मला एक शब्द बोलू देत नसत, सगळ्या गाणाऱ्यांच्या नकला करून डबाभर माणसांना हसवत. त्या दिवशी खडकी गेलं, दापोडी गेलं, तरी एकही नक्कल झाली नाही. मग मधेच म्हणाल्या, "धाकटे, माझ्याम्होरं असं कुणी बसलं असतं, न् इचारलं असतं, की बाई, तुला काय येतंय, तर म्या काय म्हणलं असतं गं?"

मी म्हटलं, "आक्का, मी बसलेय की. म्हणा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले, असं मला वाटलं. पण पिंपरी आलं, माणसं चढली-उतरली, आणि त्या पदर खोचत म्हणाल्या, "आता न्हाई. धारा काढायच्यात."

पुढे आम्ही कितीतरी वर्षं त्या मंडपात गेलो. मग आमच्या रानांवर कारखाने आले, म्हशी विकल्या, मुलं शिफ्टवर जायला लागली आणि दुपारी घरात आम्ही दोघीच उरलो. अशाच एका दुपारी मी त्यांना म्हटलं, "आक्का, आता धारा नाहीत. म्हणा काहीतरी." त्यांनी सुपातल्या गव्हातला एक खडा वेचून बाहेर टाकला. मग म्हणाल्या, "आता कुठला गं आवाज? तू म्हण. म्या ऐकती."

मला गाता येत नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. तरी त्यांनी सूप बाजूला ठेवलं, डोक्यावरचा पदर नीट केला आणि मांडी घालून माझ्यासमोर बसल्या.