खाडीला मीठ हवं

सुशीलाकाकू ओहोटीला खाडीत उतरल्या की आधी बोट बुडवून पाणी चाखतात. रस्त्याच्या भरावाने समुद्राचं पाणी अडवलं, तेव्हापासून त्यांना तिसऱ्या, म्हणजे चिखलातल्या खायच्या शिंपल्या, मिळाल्या नाहीत. नुसते रिकामे शिंपले, आणि पाण्यावर जलपर्णी. तिसऱ्या विकणाऱ्या काकू बाजारात भाजी घेऊन बसू लागल्या. "खाडीचं पाणी गोडं झालं, तुमचंच भलं झालं," असं रस्त्याच्या कामावरचे एक साहेब आम्हाला ऐकवून गेले. त्याचा राग मला अजून येतो. गोडं चांगलं आणि खारं वाईट, ही वाटणी आपल्या घशाची. तिसरीला मीठ लागतंच. फार झालं तर नदी येऊन ते पातळ करते. समुद्राचा आणि नदीचा हा जुना संसार आपण मधे माती टाकून मोडला. आम्ही मोर्चा नेऊन भरावावर ठाण मांडलं तेव्हा कुठे समुद्राचं पाणी आत यायला खालून मोऱ्या काढल्या गेल्या.

आज काकूंनी पाणी चाखलं, त्या थुंकल्या आणि हसल्या. "आलं गो बाय, मीठ आलं."

"मग तिसऱ्या?"

"तुझा मोर्चा आहे का तो, हाक दिली की यायला?"

जलपर्णीच्या कडा मात्र खाऱ्या पाण्याने करपल्या होत्या. काकूंनी पायाने चिखल चाचपला आणि वाकून तळव्यावर नखाएवढी तिसरी धरून दाखवली. घट्ट मिटलेली, म्हणजे जिवंत. मी टोपली पुढे केली. त्यांनी ती तिसरी परत चिखलात दाबली.

"हिचं गोत वाढू दे," त्या म्हणाल्या. "यंदाही भाजीच विकते मी."