मशेरी लावून आलेली ठकूबाई

शिवथरकडच्या वाडीवरून ठकूबाई दर गुरुवारी सकाळच्या एसटीने महाडला येते. टोपलीत तगर, जास्वंद, तुळशीच्या मंजिऱ्या. आमच्या ओटीवर बसून आधी आमच्या दत्ताचा हार करते, मग बाजारात विकायचे गजरे. गजऱ्याचा दोरा ती दाताने कटकन तोडते. देवाच्या हाराचा मात्र कधीच नाही, तो जोत्याच्या दगडावर घासून तोडते. "दात लावला का उष्टा झाला," म्हणते.

साठी उलटली तरी दात सगळे जागेवर, याचा तिला भारी तोरा. श्रेय सगळं मशेरीचं. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, चुरून डबीत भरायची आणि सकाळ-संध्याकाळ बोटाने हिरड्यांना चोळायची. सासूने शिकवलं, हिने चालवलं.

यंदा माघात माझ्या लक्षात आलं, की ती चहा पार गार करून पिते आणि मिरचीची चटणी बाजूला सारते.

"काय गं, चटणी नको झाली?"

"गाल भाजतोय गो आतनं. उष्णता झाली आसंल."

मला ते काही बरं वाटलं नाही. पुढच्या गुरुवारी माझी दातांची सहामाही तपासणी होती. म्हटलं, तूही चल, नुसतं दाखवून घेऊ.

"नको गो वैनी! आमच्या वाडीतल्या आनंदीबाईनं दात साफ करून घेतलं नि वरसात तोंडाचं बोळकं झालं. मंग मी दोरा कशानं तोडू? ह्यांच्या दातानं? त्यांना हायत कुठं?"

"मी आधी बसते. माझा एक जरी दात हलला तर तू दारातूनच परत जा."

हे तिला पटलं.

गुरुवारी ती ठेवणीतलं लुगडं नेसून आली. डॉ. देवश्री आमच्याच आळीत वाढलेली, आता बाजारामागे तिचा दवाखाना आहे. मी खुर्चीवर आडवी झाले आणि ठकूबाई माझ्या पायाशी उभी राहून पहारा करू लागली. देवश्रीने छोट्या आरशाने एकेक दात पाहिला, हिरड्यांच्या कडा बारीक सळईने चाचपल्या. मग पाणी उडवणारं यंत्र सुरू झालं. ते किर्र वाजलं, तशी ठकूबाईने माझं पाऊल घट्ट धरलं.

"दात कापतेस काय गो बाय?"

"नाही मावशी. दातावर दगडासारखं कीटण बसतं, ते या कंपनाने सुटतं. दाताला काही होत नाही."

नळीने तोंडातलं पाणी ओढलं जात होतं, मध्येच उठून चूळ भरायची, पाण्यात जरासं रक्त. शेवटी गुळगुळीत लेप लावून फिरत्या ब्रशने दात घासले, त्याच्या मला गुदगुल्या झाल्या. उठले, तर ठकूबाईने पुढे होऊन माझे पुढचे दात दोन बोटांनी हलवून पाहिले. देवश्री हसत सुटली.

"पक्के हायत," ठकूबाईने निकाल दिला आणि स्वतःच खुर्चीत चढली.

तिने तोंड उघडलं आणि देवश्री थबकली. आत सगळं काळं.

"मावशी, आज काय लावलंत?"

"मशेरी. दोनदा लावली. तुज्याकडं यायचं तं तोंड साफ करून नको यायला?"

आम्ही दोघी हसलो. देवश्रीने तिला चुळा भरायला लावल्या, ओठ बोटाने बाजूला ओढला, आणि तिचं हसू गेलं. गालाच्या आत, जिथे मशेरी साचून राहते तिथे, नखाएवढा पांढरा चट्टा होता. तिने कापसाच्या पट्टीने तो पुसला. परत पुसला. गेला नाही.

कीटण काढायचं काम तिने नीट केलं. शेवटी खुर्ची सरळ करून समोर बसली.

"मावशी, खोटं सांगणार नाही. हा चट्टा मशेरीचा आहे. बहुतेक वेळा मशेरी सुटली की कमी होतो. नाही झाला, तर त्याचा लहानसा तुकडा काढून तपासायला मुंबईला पाठवावा लागेल. आज मशेरी बंद. पंधरा दिवसांनी दाखवायला या."

"कसला तुकडा? क्यान्सरचा?"

"आत्ता मी नाहीही म्हणत नाही, होही म्हणत नाही."

त्या एका वाक्याने माझी झोप उडाली. जप करताना माळ थांबायची, मला कळायचंही नाही. रोजच्या वहीत नामाच्या ओळी लिहायला बसले, की मध्येच ठकूबाईचा गाल आठवायचा.

पुढच्या गुरुवारी ती आली ती भांडतच.

"वैनी, दात पोकळ झालं! जीभ लावली का फटी लागतात."

"अगं, तिथे कीटण होतं. ते गेलं, म्हणून फट लागते."

"मला तं सगळं पडाया आल्यागत वाटतंय." बोलता बोलता तिचं कोरडं बोट हिरडीकडे गेलं आणि फिरू लागलं. माझी नजर पाहून तिने ते झटक्यात काढलं. "डबी शिवथरघळीत नेली गो. समर्थांच्या पायाशी ठेवून सांगितलं, ही तुमच्यापाशी सोडली, आता मी मागितली तरी मला देऊ नका. पण बोट ऐकत नाय. सकाळी पोट साफ होत नाय, डोकं दुखतंय. ह्ये म्हणतात, 'तू मशेरी सोडलीस नि मला धरलंस.'"

"मुलाला कळवलंस का?"

"अनिलला? तो तिकडं मुंबईत जेवायचा नाय." हाराचा दोरा तिच्या हातून दोनदा तुटला. गजऱ्यांचे दोरे तिने दाताने तोडलेच नाहीत, माझी कातर मागून घेतली. ते पाहून मला जास्तच भीती वाटली.

दाखवायचा दिवस आला. सकाळच्या एसटीतून ती उतरली नाही. मी डेपोत उभी. मनात नको ते येत होतं. घाबरून घरी बसली असेल का? की दुखणं वाढलं? पुढची गाडी आली, त्यातून तिचा नवरा पांडू उतरला आणि मागून टोपली घेऊन ती.

"काय गं, जीव घेतेस का?"

"घळीत जाऊन आले. समर्थांना म्हटलं, आता तुमीच बघा."

दवाखान्यात देवश्रीने ओठ ओढला, पट्टीने पुसलं, दिवा जवळ घेतला. पांडू दारात टोपी हातात घेऊन उभा होता.

"निम्म्याहून कमी झालाय," देवश्री म्हणाली. "पातळही झालाय. पण गेलेला नाही. अजून पंधरा दिवसांनी बघू. पूर्ण गेला तरी दर तीन महिन्यांनी यायचं, आणि मशेरी पुन्हा कधीच नाही. पुन्हा लावलीत तर परत येईल."

"म्हंजे तुकडा नको?"

"आज नको."

पांडूने टोपी डोक्यावर घातली आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला.

ठकूबाई खुर्चीतून उतरून तिथेच बाकावर बसली. टोपलीतून फुलं काढून देवश्रीसाठी गजरा करू लागली. शेवटची गाठ मारली आणि थांबली. मी कातर शोधायला पिशवीत हात घातला, तोवर तिने दोरा दातात धरला. डोळे मिटले. कट्.

"हलला नाय," ती म्हणाली.

देवश्रीने गजरा माळला. आम्ही निघालो, तर पायरीवर ठकूबाईचं बोट पुन्हा हिरडीकडे चाललेलं. तिच्याच लक्षात आलं. हात पदरात गुंडाळून घेतला आणि डेपोपर्यंत तो तिने बाहेर काढला नाही.